आधी पडायला शिकूया!

बदलीचा आदेश हाती पडला की बँक अधिकाऱ्याच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. नव्या गावात मुलांची शाळा कोणती, आणि मुलांना खेळायला मैदान आहे काय? आनेकलच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. शाळेमागेच लाल मातीचे ऐसपैस पटांगण होते. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने ते पाहिले आणि बदलीबद्दलचा आपला सर्व राग तत्काळ मागे घेतला. फुटबॉल हा तिचा जीव की प्राण!

बेंगळुरूच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, तामिळनाडूच्या सीमेलगत आनेकल हे तालुक्याचे गाव वसले आहे. एका अंगाला बन्नेरघट्टाचे अरण्य, दुसऱ्या अंगाला जिगणी, बोम्मसंद्र व अत्तिबेले येथील कारखाने. रेशीम विणणारे कारागीर, नाचणी पिकवणारे शेतकरी आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारे संगणक अभियंते आमच्या शाखेत एकाच रांगेत उभे असतात. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. आकाशातून पडणाऱ्या गारेलाही कन्नडमध्ये ‘आनेकल्लु’ म्हणतात. गावाच्या नावाचे पडण्याशी असे नाते आहे, याची गंमत मला पुढे उमगली. त्याआधी आमच्या घरी एक पडणे घडून गेले होते.

हाड जुळले, भीती उरली

पावसाळ्याच्या सुरुवातीची ती संध्याकाळ. चेंडूच्या मागे धावताना कन्येचा पाय घसरला आणि तोल सावरण्यासाठी तिने डावा हात पुढे टेकला. मनगटाजवळचे हाड मोडले. यात विशेष असे काहीच नव्हते. लहान मुलांच्या अस्थिभंगांत मनगटाजवळच्या हाडाचा क्रमांक फार वरचा आहे आणि त्याचे कारण बहुधा हेच असते. पडताना सगळे शरीर एका तळहातावर तोलले जाते.

प्लास्टर यथावकाश निघाले. डॉक्टरांनी हात तपासून खेळायला परवानगी दिली. मात्र मैदानावर परतलेली मुलगी पहिली राहिली नव्हती. चेंडू जवळ आला की ती अर्धे पाऊल मागे घेई. दोघी-तिघींची झटापट सुरू झाली की कडेला उभी राही. एके रात्री तिने हळूच विचारले, “बाबा, फुटबॉल सोडला तर तुम्ही रागवाल?” रागावण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्या प्रश्नाने आम्हा उभयतांची झोप उडाली. खेळ आवडेनासा झाला म्हणून सोडणे वेगळे आणि भीतीने सोडणे वेगळे.

ही व्यथा मी शाखेतील एका परिचित खातेदारांपाशी बोललो. हे गृहस्थ दिवसा कारखान्यात नोकरी करतात आणि सायंकाळी एका सभागृहात मुलांना ज्युदो शिकवतात. ते म्हणाले, “दोन महिने माझ्याकडे पाठवा. फुटबॉल सोडायचा की नाही, ते नंतर ठरवा.”

पहिल्या दिवशी मी कुतूहलाने तेथे थांबलो. आता डावपेच, पकडी आणि फेकी पाहायला मिळणार, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तासभर मुले केवळ पडत होती! आधी बसून मागे, मग उकिडवे बसून बाजूला, मग उभे राहून. गुरुजी मध्येच मोठ्याने सांगत, “मोदलु बीळोदु कलि.” आधी पडायला शीक, एवढाच त्याचा अर्थ.

पडण्याचे शास्त्र

जपानमधील शिक्षणतज्ज्ञ जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था काढून ज्युदोचा पाया घातला. या विद्येत पडण्याच्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात आणि तिचा श्रीगणेशा तेथूनच होतो. समोरचा आपल्याला फेकणार हे गृहीतच असल्याने, फेकले गेल्यावर इजा होऊ नये याची विद्या अगोदर शिकवली जाते.

तंत्रामागचे गणित सोपे आहे. हनुवटी छातीकडे घ्यावयाची, म्हणजे डोके जमिनीवर आपटत नाही. तळहात रोवायचा नाही. हाताचा संपूर्ण पुढचा भाग तिरका ठेवून जमिनीवर थाप द्यायची. पाठ गोल ठेवून अंग घरंगळू द्यायचे. यामुळे आघात एका सांध्यावर न येता मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो आणि क्षणार्धात न संपता किंचित लांबतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला यात ताळेबंदातील तरतूद दिसली. एखादे कर्ज थकेल या शक्यतेने बँक चांगल्या वर्षातही तरतूद करून ठेवते. त्यामुळे कर्ज थकण्याचे थांबत नाही. मात्र थकले तरी बँक कोलमडत नाही. खेळातही पडणे टळत नाही. कबड्डीत, खो-खोत, हॉकीत, क्षेत्ररक्षणात मूल पडणारच. त्या पडण्याची तरतूद आपण केली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

ही केवळ बापाची कल्पना नव्हे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या पाठबळाने लहान मुलांसाठी ‘११+ किड्स’ नावाचा पंधरा-वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम तयार करण्यात आला. त्यात सात व्यायामप्रकार आहेत. काही तोल सांभाळण्याचे, काही उडी मारून नीट उतरण्याचे, काही पोट व पाठ बळकट करण्याचे; आणि त्यांत एक प्रकार चक्क पडण्याच्या तंत्राचा आहे. चार युरोपीय देशांतील ७ ते १२ वर्षे वयाच्या सुमारे ३,९०० खेळाडूंवर त्याची चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा व्यायाम करणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. हे श्रेय सातही प्रकारांचे आहे, एकट्या पडण्याचे नाही. तरीही फुटबॉलच्या मैदानाने आखाड्यातला पहिला धडा उचलला, हे लक्षणीय होय.

तालीम हा शब्द काय सांगतो?

आपल्या मराठी मुलखाला हे सारे नवे आहे काय? आपण मल्लांच्या आखाड्याला तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतो. प्रत्यक्ष प्रसंग येण्यापूर्वी अंगाला वळण लावण्याची जागा म्हणजे तालीम. जुन्या म्हैसूर भागात तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात. तेथेही तीच लाल माती, तोच मारुती आणि तोच वस्तादांचा दरारा.

एका खेळाचा खेळाडू दुसऱ्या व्यायामाने तयार करण्याची कल्पना तर आपल्याकडे मल्लखांबाच्या रूपाने उभी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन आढळते. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे चैतन्य दिले. खांब हाच प्रतिस्पर्धी मानून त्याला पायांची तिढी घालायची, पकड बदलायची, उलटे होऊन सावरायचे, हा सगळा खटाटोप मुळात कुस्तीसाठी होता.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे सादर केले. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर भरली. पुढे हरियाणात २०२२ मध्ये पार पडलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांबासोबत कळरिपयट्टू, गतका आणि थांग-ता या देशी युद्धकलांनाही स्थान मिळाले. कुस्तीगिराचा पूरक व्यायाम म्हणून वाढलेली विद्या आज स्वतंत्र खेळ म्हणून मानाने उभी आहे.

अंगी लागणारे चार गुण

पडण्याखेरीज या विद्येतून इतर खेळांना काय मिळते? सायंकाळच्या वर्गाच्या कडेला बसून मी जे पाहिले आणि नंतर वाचून पडताळले, ते थोडक्यात असे.

पहिला गुण म्हणजे तोल. तायक्वांदोत मूल एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने लाथ मारते आणि तो पाय शांतपणे जागेवर आणते. चेंडू लाथाडणाऱ्या, उडी मारून झेल घेणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच तोल हवा असतो.

दुसरा गुण म्हणजे शक्तीचा योग्य प्रवास. कराटेचा ठोसा दिसतो हाताचा. पण त्याचे बळ तळपायातून निघून कंबरेच्या फिरकीतून खांद्यात येते. सीमारेषेवरून यष्ट्यांकडे चेंडू फेकणारा क्षेत्ररक्षक, भाला फेकणारा आणि बॅडमिंटनचा स्मॅश मारणारा हेच करतो. कंबर न वापरता नुसत्या खांद्याने फेकणाऱ्या मुलांचे खांदे लवकर कुरकुरू लागतात.

तिसरा गुण म्हणजे दोन्ही अंगांचा सराव. गोलंदाजी किंवा टेनिस खेळणारे मूल वर्षानुवर्षे एकाच हाताने तीच हालचाल करीत राहते. युद्धकलांच्या वर्गात बहुतेक पवित्रे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी घोटवून घेतले जातात. त्यामुळे एकांगीपणाला थोडा तरी पायबंद बसतो.

चौथा गुण म्हणजे मनाचा लगाम. समोरच्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय सराव सुरू होत नाही आणि गुरुजींनी थांब म्हणताच हात थांबावा लागतो. अमेरिकेतील एका शाळेत लहान वर्गातील २०७ मुलांना दोन गटांत विभागून एका गटाला तीन महिने तायक्वांदो व दुसऱ्याला नेहमीचा व्यायामतास देण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तायक्वांदो शिकणाऱ्या मुलांची एकाग्रता, भावनांवरील ताबा आणि वर्गातील वागणूक अधिक सुधारलेली दिसली. पंचाच्या निर्णयावर चिडून पुढचे दहा मिनिटे वाया घालवणारा खेळाडू आपण सर्वांनी पाहिला आहे. हा लगाम त्यालाच हवा असतो.

थोर खेळाडूंच्या चरित्रांतही याचे दाखले सापडतात. स्वीडनचा फुटबॉलपटू झ्लाटन इब्राहिमोविच किशोरवयात तायक्वांदो शिकला आणि त्याने काळा पट्टा मिळवला. २००४ च्या युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध हवेत उडी घेऊन त्याने टाचेने केलेला गोल ज्यांना आठवतो, त्यांना त्या लाथेचे माहेर ओळखायला अडचण पडू नये. अमेरिकन बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार याने महाविद्यालयीन दिवसांत ब्रूस ली याच्याकडे धडे घेतले. सात फुटांहून अधिक उंचीचा हा खेळाडू वीस हंगाम खेळून १९८९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. आपल्याकडे आसामची लवलीना बोर्गोहाईं हिने आरंभ मुआय थाय या थाई युद्धकलेने केला. पुढे ती मुष्टियुद्धाकडे वळली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक पटकावले.

नाण्याची दुसरी बाजू

अर्थात, ठेव योजनेची माहिती देताना आपण अटीही वाचून दाखवतो. येथेही ते केले पाहिजे.

एका खेळात कमावलेले दुसऱ्या खेळात आपोआप जमा होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर, वेगळ्या नियमांनी लढावे लागले आणि ते सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी त्या कुस्तीशी जुळवून घेण्यासाठी कष्ट उपसले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीची पुंजी त्यांच्यापाशी होतीच; ती नव्या चलनात बदलून घ्यावी लागली. मुलांच्या बाबतीतही ज्युदोतला तोल मैदानावर आणायला त्यांच्या खेळाच्या प्रशिक्षकाचा हात लागतो.

शिकवण्याची रीतही निर्णायक ठरते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका गटाला आदर, संयम व चिंतन यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवण्यात आला. दुसऱ्याला केवळ मारामारीचे तंत्र. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली होती, तर दुसऱ्या गटाची वाढली होती. विद्या एकच, गुरू कसा, यावर फळ अवलंबून.

तिसरी गोष्ट अतिरेकाची. सकाळी क्रिकेट, दुपारी शिकवणी, सायंकाळी कराटे आणि रविवारी स्पर्धा, असे वेळापत्रक आखले तर लाभाऐवजी थकवाच पदरी पडेल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला, की मुलांनी वयाच्या १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकू नये आणि आठवड्यातून एक-दोन दिवस खेळाला पूर्ण सुट्टी असावी. डोक्यावर प्रहार होणाऱ्या प्रकारांपासून मुलांना दूर ठेवावे, असेही त्याच संघटनेचे म्हणणे आहे.

पालकांनी काय पाहावे?

प्रवेश घेण्यापूर्वी दोन वर्ग स्वतः कडेला बसून पाहावेत. पालकांना बसू न देणारा वर्ग आपल्यासाठी नाही, असे समजावे. जमिनीवर पुरेशा जाडीच्या गाद्या अंथरल्या आहेत काय? पहिले काही आठवडे पडणे, लोळणे आणि तोल यांवर जातात काय? लहानांची जोडी त्यांच्याच वजनाच्या मुलांशी लावली जाते काय? प्रथमोपचाराची पेटी हाताशी आहे काय? ‘सहा महिन्यांत काळा पट्टा’ अशी जाहिरात दिसली, तर ‘अल्पावधीत दामदुप्पट’ असे सांगणाऱ्या योजनेपासून आपण जितके सावध राहतो, तितकेच येथेही राहावे.

मुख्य खेळ न सोडता आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी तासभर एवढे पुरे. मुलाला जुनी दुखापत, फेफरे किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. आणि मुली असतील तर ‘हे मुलांचे खेळ’ हा विचार मनातून काढून टाकावा. मोडलेल्या मनगटाची भीती मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

पुन्हा त्या पटांगणावर

आमच्या कन्येची हकिगत सांगून हा लेख संपवतो. दोन महिने ती ज्युदोच्या वर्गात पडत राहिली. घरीही पडे, बैठकीतली सतरंजी तिने कायमची ताब्यात घेतली होती. एका रविवारी तिने आईलाही हनुवटी छातीला लावून बसायला लावले आणि दोघींची हसून पुरेवाट झाली. फुटबॉल सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही.

मग शाळेचा एक सामना झाला. पाऊस नुकताच थांबला होता आणि पटांगणाचा चिखल झाला होता. उत्तरार्धात कन्या चेंडू घेऊन निघाली, समोरून एक दांडगी मुलगी आली आणि दोघींची धडक झाली. आमची लेक डाव्याच अंगावर कोसळली. मी खुर्चीवरून उठलो. ती मात्र खांद्यावरून घरंगळली, लाल चिखलाने माखली आणि मी दोन पावले टाकीपर्यंत पुन्हा उभी राहून चेंडूमागे धावत होती. जाता जाता तिने त्या दांडग्या मुलीला हात देऊन उठवले, हे मला अधिक आवडले.

सामना त्या दिवशी आमच्या शाळेने एका गोलने गमावला. घरी परतताना ती पराभवाविषयी फारसे बोलली नाही. तिने एवढेच विचारले, “बाबा, मी पडले ते तुम्ही पाहिलंत? हात टेकला नाही मी.”

मुलांना जिंकायला शिकवणारे वर्ग आज गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी वर्ग शोधताना, तेथे पडायलाही शिकवतात काय, एवढे आपण अवश्य विचारावे. ही आठवड्याला दोन तासांची बचत आहे. तिचे व्याज मैदानावर मिळेलच. मैदानाबाहेरच्या लांबच्या वाटेवरही मिळत राहील, असा माझा विश्वास आहे.